आगळाने उजळलेले बोर्ड

माझे वडील चिरेखाणीत काम करायचे. जांभा तासून त्याचे चौकोनी चिरे काढायचे आणि त्यावर रत्नागिरीतल्या लोकांची घरं उभी राहायची. आमचं स्वतःचं घर मात्र मातीचं होतं. मी सातवीत असताना त्यांना खोकला लागला. डॉक्टर टीबी म्हणाले, खाणीतली माणसं धूळ म्हणाली. दोन पावसाळे काढून ते गेले.

मागे आम्ही तिघी राहिलो. आई, वहिनी आणि मी. दादा मुंबईत एका छापखान्यात होता. लग्नानंतर दोन वर्षं तो गणपतीला आला, मग फक्त पत्रं आली, मग पत्रंही थांबली. मुंबईहून येणारी माणसं त्याच्याबद्दल काहीबाही सांगायची. वहिनी ते ऐकून घ्यायची आणि भांडी घासायला बसायची. तिला मूल नव्हतं. वडिलांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर चुंबळ ठेवून खाणीवर गेली. खाली काढलेले चिरे डोक्यावरून वर ट्रकपाशी आणून टाकायचे, हे तिथलं बायकांचं काम. एक चिरा किती जड असतो ते ज्याने उचललाय त्यालाच ठाऊक. आई कमरेने अधू झालेली. भात संपलं की नाचणीवर यायचं, नाचणी संपली की कुणाच्या तरी परड्यात काम मागायला जायचं, असे ते दिवस होते.

वहिनी संध्याकाळी आली की हातपाय धुऊन माझी वही बघायची. तिला वाचता येत नव्हतं. पण पान भरलंय की कोरं आहे एवढं कळायचं.

"आज दोनच पानं?"

"गणितं होती, वहिनी. गणिताला जागा कमी लागते."

"मी आज चिरं कमी आणले नाय. तू पण कमी लिवायचं नाय, बाय."

बाय म्हणायची ती मला. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सात वर्षांची होते, माझी वेणीसुद्धा तीच घालायची. नणंदेला अहोजाहो करायची आमच्यात रीत आहे, पण सात वर्षांच्या पोरीला कोण अहोजाहो करतं.

मी शिकले. रोज हातखंब्यापर्यंत तासभर चालत जाऊन तिथून एसटीने रत्नागिरी, असं करत बी.एस्सी. झाले. विषय फिजिक्स, जोडीला केमिस्ट्री. आमच्या वाडीतून पदवी घेतलेली मी पहिली, बाईही आणि माणूसही. हे मी मिरवायला सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगते. ते मिरवण्यासारखं होतं.

पण पदवी मिळून वर्ष झालं तरी नोकरी नव्हती. एप्रिल-मेमध्ये मी आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरायला जायचे. बागेचा मुकादम म्हणायचा, "फिजिक्सवाली, पेंढा नीट भर." बाकीच्या बाया हसायच्या. मीही हसायचे. घरी येऊन मात्र जेवण जायचं नाही. वहिनी तेव्हाही खाणीवरच होती. तिच्या टाळूवरचे केस पातळ झाले होते.

त्याच सुमारास रेडिओवर वारंवार एक गोष्ट ऐकू यायला लागली. देशात गावोगाव टेलिफोन जाणार, आणि त्याची यंत्रं परदेशातून यायची नाहीत, इथेच बनायची. आपल्या उकाड्यात, आपल्या धुळीत, एसीशिवाय चालेल असं छोटं एक्स्चेंज आपल्याच इंजिनिअरांनी तयार केलंय. शिवाय मागास जिल्ह्यात कोणी इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना काढला तर त्याला जागा आणि सवलती. आम्ही मागास जिल्ह्यात राहतो हे मला तेव्हाच कळलं. आई म्हणाली, "मागास म्हंजे काय गो?" मी म्हटलं, "ज्यांच्यासाठी दिल्लीत काहीतरी ठरवावं लागतं ते."

दिल्लीत ठरलेलं त्यानंतर मिरजोळ्याला येऊन पोचलं. तिथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीत एक सिमेंटच्या पत्र्यांची शेड बराच काळ रिकामी पडली होती. ती एका इंजिनिअरने घेतली. मूळचा इकडचाच, मुंबईत नोकरी केलेला, पन्नाशीच्या आसपासचा. आम्ही सगळ्या त्यांना साहेबच म्हणायचो. पुण्याची एक कंपनी ही टेलिफोन एक्स्चेंज बनवायची, आणि त्यातल्या सर्किट बोर्डांवर सुटे भाग बसवून, जोडून, तपासून द्यायचं काम साहेबांनी घेतलं होतं. भाग बसवायला त्यांना बायका हव्या होत्या आणि तपासायला एक सायन्सचा पदवीधर.

मी गेले. त्यांनी माझी मार्कलिस्ट पाहिली, एक रेझिस्टर हातात देऊन रंगांच्या पट्ट्यांवरून त्याची ओहममधली किंमत सांगायला लावली. मी सांगितली. म्हणाले, "उद्यापासून या." मी उठले नाही.

"अजून काय?"

"माझी वहिनी आहे. तिला भाग बसवायच्या कामावर घ्या."

"काय शिकलेली आहे?"

"काही नाही. चिरे वाहते."

साहेबांनी तो रेझिस्टर माझ्या हातून परत घेतला. "चिरे वाहणारा हात, आणि हे भाग तांदळाएवढे."

"तांदूळ तीच निवडते घरी," मी म्हटलं.

ते हसले आणि वहिनीला काम मिळालं.

सोल्डरिंगचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडं सांगते. बोर्डावर तांब्याच्या बारीक वाटा असतात आणि भोकं असतात. भागाचे पाय भोकातून घालायचे, मागून तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवायचं, सोल्डरची तार लावायची. तार वितळून पायाभोवती बसते. कमी लागली तर सांधा कच्चा, जास्त झाली तर शेजारच्या वाटेला चिकटते. टेकवायचं किती, तर श्वास घेऊन सोडेपर्यंत. सांगता येतं एवढंच. बाकी हाताने शिकायचं.

पहिल्या आठवड्यात बाकीच्या सगळ्यांनी बोटं भाजून घेतली, वहिनीने नाही. ती म्हणाली, "चुलीतला निखारा उचलायला भीत नाय, हे तर नुसतं टोक." महिन्याभरात तिचे सांधे साहेब बाकीच्यांना दाखवायला लागले. सारखे, गुळगुळीत, चमकणारे. हा भाग कसला, त्याचं नाव काय, हे तिला सांगता यायचं नाही, पण उलटा बसलेला भाग ती लांबून ओळखायची. "ह्याचं तोंड फिरलेलं हाय," म्हणायची. माझ्या मीटरला जे मिनिटभर लागायचं ते तिच्या नजरेला लागत नव्हतं.

शेडमध्ये भाग बसवायला बारा जणी होत्या. शेजारच्या खुर्चीवर मिऱ्याकडची एक बाई बसायची, मासळीच्या धंद्यातून आलेली. तिची जीभ तिखट. "काय गो," ती वहिनीला म्हणायची, "आमच्या पाटीत बर्फ कमी पडला तर अख्ख्या गल्लीला वास जातो. ह्या बोर्डात काय कमी पडलं तर साहेबाला पण कळत नाय. बरा धंदा हाय." वहिनी म्हणायची, "साहेबाला नाय कळलं तरी आमच्या म्याडमला कळतं." आणि माझ्याकडे बघून डोळा मारायची. शेडमध्ये ती मला म्याडम म्हणायची, अहोजाहो करायची, सगळ्यांना ऐकू जाईल असं. घरी आल्यावर परत बाय. त्या नाटकात तिला फार मजा यायची. ती हसायला लागल्याचं मी त्या वर्षी पाहिलं. महिन्याचा पगार झाला की ती त्यातून एकच गोष्ट स्वतःसाठी घ्यायची, एक सुगंधी तेलाची बाटली, केस परत यावेत म्हणून.

दुसऱ्या पावसाळ्यात ते घडलं.

आमच्याकडचा पाऊस सांगायला नको. आषाढात चपलेला बुरशी येते. कोरे बोर्ड मुंबईहून यायचे, स्वस्तातले, तांब्यावर नुसता पातळ वार्निशचा हात. शेडमध्ये पडून पडून ते काळवंडायला लागले. काळ्या तांब्यावर सोल्डर बसत नाही, पाऱ्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. ते साफ करायचं द्रावण आणि सोल्डर नीट धरावा म्हणून लावायचा फ्लक्स मुंबईहून यायचा होता आणि घाटात रस्ता बंद. पुण्याची तारीख तोंडावर आलेली. सरकारी कामाची तारीख चुकली तर पुढचं काम दुसऱ्याला, असं साहेबांनी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तीन दिवस बायका ब्लेडने तांबं खरवडत बसल्या होत्या, दिवसाला चार-दोन बोर्ड हातावेगळे होत होते.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनीच्या टेबलावरून माझ्या टेबलाकडे बोर्डांची चवड आली. मी वरचा उचलला आणि बघतच राहिले. तांबं नव्या पैशासारखं लखलखत होतं, सांधे एकेक मोत्यासारखे.

मी तिच्यापाशी गेले. "हे कसं केलंस?"

तिने टेबलाखालून बाटली काढून दाखवली. आमच्या घरातली, आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची. "देवाची समई घासतो ना आपण, तसं. फडक्यानं लावलं, दोन पाण्यानं धुतलं, पंख्याखाली सुकवलं. ब्लेडनं खरवडायचं काय काम हाय?"

शेजारची मिऱ्याकडची म्हणाली, "मला पण दे थोडं. माझं बोट सोलपटलं खरवडून."

आमच्या प्रत्येकीच्या घरात तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने घासतात. डाग जातात, तांबं उजळतं. त्यात नवल काय. नवल एवढंच, की ते कोणाला सुचलं नव्हतं आणि हिला सुचलं.

आता मी माझ्याकडचं सांगते. आगळात आंबट असतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण आगळ टिकावं म्हणून त्यात मीठ घालतात, भरपूर घालतात. तांबं, आम्ल आणि मीठ एकत्र आले की काय होतं हे मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतः पाहिलं होतं. परीक्षानळीत, दोन दिवसांनी, हिरवं. दोन पाण्यांनी मीठ जात नाही. भागांच्या खाली, पायांच्या बेचक्यात ते बसून राहतं आणि आमच्या दमट हवेत आपलं काम करतं. हे मला त्याच क्षणी आठवलं. आठवलं नाही असं आजवर मी एक-दोनदा लोकांना सांगितलंय. ते खोटं होतं.

"चांगलं धुतलंस ना?" मी एवढंच विचारलं.

"दोन पाण्यानं. पास करा म्याडम," ती म्हणाली आणि हसली.

मी मीटर लावला. बोर्ड सुकलेले होते, सगळे पास झाले. तपासणीच्या कागदावर मी सही केली. त्या संध्याकाळपर्यंत बाराही टेबलांवर आगळ फिरलं. साहेब चक्कर मारायला आले, चवडी बघून थांबले.

"फ्लक्स आला का?"

"नाही साहेब. बायकांनी हाताने साफ केले," मी म्हणाले.

ते वहिनीच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. "वा, बाई," म्हणाले. तिने पदर सारखा केला. मला वाटलं, हे एवढं मिळालंय तिला, ते मी हिरावून घेऊ? खाणीवर कोण तिच्यामागे उभं राहून वा म्हणालं होतं? असंच मी स्वतःला समजावलं. त्यात माझं स्वतःचं काय काय मिसळलेलं होतं तेही सांगून टाकते. वेळेवर माल गेला की नाव तपासणीवालीचंही होणार होतं.

माल वेळेवर गेला.

भाद्रपदात परत आला. खोके उघडले तेव्हा सगळ्या भोवती उभ्या होत्या. भागांच्या खालून हिरवट बुरशीसारखं काहीतरी फुटून वाटांवर पसरलं होतं. बऱ्याच बोर्डांच्या तांब्याच्या वाटा खाल्ल्या जाऊन तुटल्या होत्या. कंपनीच्या पत्रात दोन ओळी होत्या. माल नापास. पुन्हा करून द्या, एकच संधी. साहेबांनी एक बोर्ड नाकाजवळ नेला. मग म्हणाले, "याला काय लावलंत?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

वहिनी उठली. "आगळ लावलं साहेब."

"आगळ?"

"काळं पडलेलं उजळतं म्हणून."

"कोणी सांगितलं तुम्हाला लावायला?"

मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. आता तसं म्हणायला सोपं आहे.

"कुणी नाय," ती म्हणाली. "माझ्याच डोक्यातलं."

"तपासणीला सांगितलं होतं?"

"नाय."

साहेब ओरडले नाहीत. आवाज खाली ठेवून म्हणाले, "बाई, हे देशाच्या टेलिफोनचं काम आहे. तुमच्या चुलीचं नाही. उद्यापासून येऊ नका." मग मला म्हणाले, "तुम्ही केबिनमध्ये या, पुन्हा कसं करायचं ते ठरवू." आणि मी केबिनमध्ये गेले.

बाहेर आले तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. डबा, छत्री घेऊन ती चालत निघाली होती. मी एसटीने घरी पोचले तरी ती आलेली नव्हती. आली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

"वहिनी, मी सांगायला हवं होतं."

"काय करणार होतात सांगून? दोघी घरी बसलो असतो." ती पाय धूत होती. "आईंचं औषध हाय. घर शाकारायचं हाय. एकीनं तरी ऱ्हायला हवं ना?"

ते तिने इतकं सरळ म्हटलं की तिला माझा राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पाऊस कमी झाला, खाण उघडली आणि तिसऱ्या दिवशी ती चुंबळ घेऊन गेली. आईने मला विचारलं, "हिला का काढलंन गो?" मी म्हटलं, "काम कमी झालं." आईला खरं कळलं होतं की नाही, मला माहीत नाही.

शेडमध्ये मी नव्याने सगळं बसवलं. खरंच चांगलं बसवलं. कोरे बोर्ड ठेवायला पत्र्याचं कपाट केलं, आत दिवा पेटता ठेवला, म्हणजे कपाट कोरडं राहील. साफ करायला स्पिरिट. काय लावायचं, काय लावायचं नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तोंडी पाठ करून घेतलं. "मीठ नाय, आंबट नाय, थुकी नाय," मिऱ्याकडची म्हणून दाखवायची, "उपासाचं जेवण बनवतोय की टेलिफोन?" बाकीच्या हसायच्या. वहिनीच्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं, तिथे रिकामे खोके ठेवले होते.

नवव्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन साहेबांना सांगितलं. आगळाची बाटली मी पाहिली होती, काय होणार ते मला माहीत होतं, तरी मी सही केली.

त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. "त्या बाईला कळत नव्हतं," ते म्हणाले. "तुम्हाला कळत होतं. सायन्सवाली म्हणून तुमच्या सहीवर मी विसंबलो."

"हो."

"मी तुम्हाला काढायला हवं. पण ही खेप पुन्हा कोण तपासणार? रत्नागिरीत दुसरं कोण आहे मला?" मग म्हणाले, "तुमच्या वहिनीला बोलवा परत."

मी त्याच दुपारी खाणीवर गेले. खाण म्हणजे लाल विहीरच, चौकोनी. वहिनी खालून चढून येत होती, डोक्यावर चिरा, मान ताठ. तिने तो ट्रकजवळ टाकला आणि मला पाहिलं. मी सगळं सांगितलं. साहेबांना सांगितलं, ते बोलवतायत, उद्यापासून चल.

"कुठं सांगितलंत त्यांना?"

"केबिनमध्ये."

तिने चुंबळ सोडून झटकली, पुन्हा गुंडाळली.

"मला बारा जणींसमोर घालवलंन," ती म्हणाली. "तुम्ही दार लावून सांगितलंत."

आणि खाली उतरायला लागली. माझ्याशी अहोजाहो करताना तिच्या आवाजात आता गंमत नव्हती.

मी घरी गेले नाही, हातखंब्याला जाऊन एसटीत बसले आणि परत मिरजोळ्याला आले. सुट्टी व्हायला अर्धा तास होता. माझ्या तपासणीच्या टेबलापासून बायकांच्या टेबलापर्यंत जेमतेम दहा पावलं असतील. ती चालून मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"जरा हात थांबवा सगळ्यांनी," मी म्हणाले. "आगळाचं वहिनीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आगळात मीठ असतं, ते तांबं खातं, हे मी शिकलेय. तिने मला बाटली दाखवली होती. ते नापास करणं माझं काम होतं, मी पास केलं. ती माझं नाव वाचवायला खोटं बोलली आणि मी गप्प राहिले."

एकीच्या हातातलं आयर्न तापून धूर निघत होता, ते तिने बाजूला ठेवलं. मिऱ्याकडची म्हणाली, "नऊ दिवस तिच्या खुर्चीवर खोकं ठेवलंत ना तुम्ही." उठली, खोके उचलून तिने खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी मिऱ्याकडची स्वतः वाट वाकडी करून आमच्या वाडीत आली, वहिनीला घेऊन जायला. तिने घरात येऊन पाणीसुद्धा घेतलं नाही. अंगणातूनच म्हणाली, "चल गो. सांगितलंन तिनं. सगळ्यांसमोर सांगितलंन." वहिनी तिच्याबरोबर गेली. मी त्यांच्या मागे चालत होते.

हे इथे गोड झालं असतं तर लिहिताना मला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. वहिनीचा हात पहिल्यासारखा चालेना. ती मध्येच थांबायला लागली. प्रत्येक बोर्डाला, प्रत्येक पुसण्याला, सोल्डरच्या नव्या रिळाला ती उठून माझ्यापाशी यायची. "हे चालेल?" मी हो म्हटलं की जायची, परत यायची. "हे फडकं कालचं हाय, चालेल?" जिला उलटा भाग लांबून दिसायचा ती आता सुलटा भागही मला दाखवून घ्यायची. दिवसाला ती पूर्वीच्या निम्मे बोर्ड करायची. एकदा मी तिला म्हटलं, "वहिनी, तुला सगळं येतंय. मला विचारू नकोस." ती म्हणाली, "तवाही येत होतं." आणि विचारत राहिली.

घरीही तिने मला पुन्हा बाय म्हटलं नाही. आईला वाटलं, मी पदवीधर झाले म्हणून वहिनी मला मान देते.

पुन्हा केलेली खेप पुण्याला गेली आणि पास झाली. त्यानंतर आणखी खेपा गेल्या. मग दिल्लीतून आमच्यापर्यंत दुसरं काहीतरी यायला लागलं. यंत्रांवरची जकात कमी झाली, पुण्याच्या कंपनीने बाहेरून एक मशीन आणलं, ज्यात बोर्ड घातला की सगळे सांधे एकदम होऊन बाहेर येतात. सरकारच्या नव्या कामांना अशी मशीन आणि स्वतःची प्रयोगशाळा असलेलेच कारखाने चालणार होते. साहेबांनी आम्हाला बोलावून हे सगळं नीट समजावून सांगितलं. ते कोणाला दोष देत नव्हते. "छोट्यांना हाताशी धरून त्यांनी सुरुवात केली," म्हणाले, "आणि आता काम मोठं झालंय." मिऱ्याकडची म्हणाली, "म्हंजे पाटी भरली आणि टोपलीवालीला घरी पाठवली." साहेब हसले, पण डोळे खालीच होते. त्यांनी घर गहाण टाकलं होतं असं नंतर कळलं.

शेडला कुलूप लागलं. मला तपासणीच्या अनुभवावर पुण्यात एका कारखान्यात नोकरी मिळाली आणि मी गेले. पुढे तिथेच मोठी झाले, माझ्या हाताखाली माणसं आली, त्यातली कित्येक माझ्यासारखीच, घरातली पहिली शिकलेली. वहिनीला मी बरोबर चल म्हटलं होतं. ती आईबरोबर राहिली. बाहेरून मशीन आल्यावर तिच्या हाताला विचारणारं कोणी नव्हतं, आणि पुण्यात तर नव्हतंच. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला ती जायची. आई गेल्यानंतर तीही फार वर्षं राहिली नाही.

देशात गावोगाव टेलिफोन गेले. आमच्या तालुक्यातही गेले. त्याबद्दल सभांमध्ये बोलताना लोक धोरण म्हणतात, दूरदृष्टी म्हणतात, आणि ते खोटं नाही. मीही त्याच धोरणावर जगले.

वहिनी शेडमध्ये परत आल्यापासून कुलूप लागेपर्यंत त्या टेबलाशी बसली. त्या काळात तिच्या हातून गेलेला एकही बोर्ड नापास होऊन परत आला नाही.